शत्रूच्या डोक्यावर ताईचा हात

लास व्हेगास,
सोमवार सकाळ

तीर्थस्वरूप दोमितिलाताईस,

धाकट्या भावाचा, फिदेन्सियोचा, गुडघा वाकेल तितका वाकून नमस्कार. ग्वादालुपेच्या माऊलीच्या कृपेने मी इकडे बरा आहे, म्हणजे श्वास चालू आहे. तुझी कंबर कशी आहे? तिकडे गावी, जेरेसला, थंडी पडली का? ती लंगडी कोंबडी अजून अंडी घालते की तिचा रस्सा झाला? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण शेजारच्या क्लोतिल्देने कळवलं की टीव्हीवाल्यांच्या कटकटीला वैतागून तू फोन मक्याच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेवला आहेस. चांगलं केलंस. असा एक डबा मलाही हवा आहे, माणूस मावेल एवढा. म्हणून पत्र लिहायला बसलो. आपल्या रेमेदियोसचा जावई बाल्तासार आज दुपारच्या विमानाने नामकरणाला तिकडे निघाला आहे, त्याच्या हातून हे तुला मिळेल. मागणं काहीही नाही. नुसती खुशाली कळवायची म्हणून लिहितोय.

ताई, मी हबकलो आहे. चाळीस वर्षं मी पोरांच्या मुठींना पट्ट्या बांधतोय, माणसाच्या नाकाचं काय काय होऊ शकतं ते सगळं बघून झालंय, आणि तरी गेल्या दीड महिन्यात जे पाहिलं त्याने माझी दातखीळ बसली आहे (फक्त वरची, खालची कवळी हॉटेलात कुठेतरी हरवली). मला आपलं वाटायचं की बॉक्सर चांगला असला की लोक त्याला बघतात. हसू नकोस. तुझा नासारियो सव्वीस लढती खेळला, सव्वीस जिंकला, त्याचा डावा ठोसा इतका सरळ जातो की मी एकटा असताना त्याची आठवण काढून रडतो. मग आता त्याची लढत पे-पर-व्ह्यूवर दाखवणार म्हटल्यावर मी म्हणालो, झालं, पोरगं पार लागलं. पे-पर-व्ह्यू म्हणजे काय ते तुला ठाऊक आहेच. आपल्या गल्लीत एकट्या अन्सेल्मोकडे टीव्ही होता आणि लढतीच्या दिवशी तो दारात टोपली घेऊन बसायचा, माणशी एक अंडं टाकल्याशिवाय आत सोडायचा नाही, तसंच हे. फक्त इथे अन्सेल्मोच्या जागी हॉलिस्टरसाहेब आहेत, आणि टोपली अख्ख्या अमेरिकेएवढी आहे.

हे हॉलिस्टरसाहेब म्हणजे लढत भरवणारे प्रमोटर. पांढरी दाढी, पांढरे बूट, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि तो काढायला विसरतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "फिदेन्सियो, तुझा भाचा फार चांगला मुलगा आहे," म्हणाले, आणि चेहरा असा केला की मला वाटलं डॉक्टरांचा रिपोर्ट आलाय. पुढे म्हणाले, "लोक दोन प्रकारच्या माणसांसाठी पैसे मोजतात. एक, ज्याच्यावर जीव जडलाय. दुसरा, ज्याचं नाक फुटलेलं बघायचंय. तुझ्या भाच्याचं मनापासून भलं चिंततात, आणि चॅनल बदलतात." मी म्हणालो, साहेब, पण त्याचा डावा ठोसा! त्यावर त्यांनी दुसऱ्या खांद्यावरही हात ठेवला. "त्याला बघून मलासुद्धा वाटतं की आज लवकर झोपावं आणि उद्या आईला फोन करावा," म्हणाले.

त्यात आपल्या लोकांचा आणखी एक घोळ निघाला. हॉलिस्टरसाहेबांच्या कचेरीतल्या कोवाल्चिकबाईंनी (या जाहिरात बघतात, बारीक आहेत, कधी जेवताना दिसल्या नाहीत, फोन मात्र चावतात) कागद काढून दाखवला. नासारियोवर जीव टाकणारे लाखो लोक आहेत, ऑक्सनार्डपासून टेक्ससपर्यंत. पण लढत विकत घेणारी घरं मूठभर! बाईंना कोडं पडलं होतं. मला पडलं नाही. फ्रेस्नोला आपला चुलतभाऊ एउसेबियो लढत घेतो आणि त्याच्या गॅरेजात त्रेचाळीस माणसं बसतात. बेकर्सफील्डचे लोक तर एकाच घरी जमतात आणि पुढच्या वेळी कोणाकडे याची पाळी देवळातल्या वहीत लिहून ठेवतात. मी हे अभिमानाने सांगितलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. "म्हणजे तुमच्यात एकोपा आहे," त्या म्हणाल्या. अशा आवाजात कोणी एकोप्याचं नाव घेतलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मग ठरलं की नासारियोला दुष्ट करायचं. ताई, तू त्याची आई आहेस, तूच सांग, ज्याने बारा वर्षं देवळात घंटा वाजवली आणि घंटेच्या दोरीलासुद्धा आधी नमस्कार केला, त्याला दुष्ट कसं करणार? बाईंनी त्याला आरशासमोर उभं करून भुवया आक्रसायला शिकवल्या. पोटात कळ आल्यासारखा दिसायला लागला. येणारे जाणारे विचारायचे, "मुला, ओव्याचं पाणी देऊ का?" मग त्यांनी एका कार्डावर शिव्या लिहून दिल्या, पत्रकार परिषदेत वाचायला. समोर बसला होता डेक्स्टर प्रूइट, फिलाडेल्फियाचा. त्याला सगळे 'घरमालक' म्हणतात, कारण तो रिंगमध्ये आला की समोरच्याला जागा खाली करावी लागते. त्याचं तोंड म्हणजे नळ सोडून मालक गावाला गेलेला. "ए मेणबत्तीवाल्या!" तो ओरडला, "शनिवारी तुला असा आडवा करतो की तुझं तूच गाऱ्हाणं पाद्र्याला सांगशील! सामान बांधून ठेव, भाडं थकलंय तुझं!" लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मग आपले चिरंजीव माइकपाशी गेले, कार्ड पाहिलं, कार्ड खिशात घातलं आणि म्हणाले, "प्रूइटसाहेब फार छान खेळतात. त्यांच्या पायांची हालचाल मी नेहमी बघतो. सगळ्यांनी आपापली काळजी घ्या." एक पत्रकार जांभई देताना टीव्हीवर दिसला. बाईंनी फोनचा एक कोपरा चावून तोडला.

आता पुढचं नीट वाच. त्या दिवशी बाई इतक्या खचल्या होत्या की मला त्यांची दया आली. कॉफी घेताना मी आपलं बोलता बोलता म्हणालो की याच्या आईने याची एकही लढत पाहिलेली नाही. लढतीच्या वेळी ती रेडिओ मोठ्याने लावून घेवडा निवडत बसते. त्या आधी हा फोन करतो, ती फोनवरच आशीर्वाद देते, कशासाठी ते विचारत नाही, हा पाचव्या किंवा सहाव्या फेरीत समोरच्याला झोपवतो, संपलं. एवढंच म्हणालो मी. बाईंनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे असे चमकले की मी छातीवर क्रूस काढला. संध्याकाळी सगळ्या चॅनलांवर एकच: आईचा विरोध! आशीर्वाद मिळणार का? आणि त्यानंतर (कोण्या सैतानाने तुझा पत्ता दिला देव जाणे, सापडला तर मी त्याचे कान उपटीन) कॅमेरे तुझ्या दारात, आणि कॅमेऱ्यांपुढे प्रूइट.

तू जे केलंस त्याबद्दल मी तुला दोष देत नाही, हे आधी स्पष्ट लिहितो. तू लढती बघत नाहीस, प्रूइटला ओळखणार कुठून? दारात एक उंचापुरा माणूस आला, टोपी काढली, उंबऱ्यावर गुडघा टेकला, मान खाली घातली. आपल्या आईने अशा माणसाला कधी नाव विचारलं नाही, तूही विचारत नाहीस. तू पिठाचे हात एप्रनला पुसलेस, त्याच्या डोक्यावर ठेवलेस, अंगठ्याने कपाळावर क्रूस काढलास आणि वर म्हणालीस, "जा बाळा, देव तुला मार लागू देणार नाही." ताई, हे वाक्य तेवढं नसतीस बोललीस तर! आम्ही सगळे इथे हॉटेलात टीव्हीपुढे बसलो होतो. मी उभा राहिलो, बसलो, परत उभा राहिलो. माझ्या तोंडून जे निघालं ते तुला लिहिता येणार नाही. सख्ख्या आईने शत्रूला अभय दिलं, आणि तेही सगळ्या देशासमक्ष! वर तू त्याला मक्याच्या सालीत वाफवलेले तमाले बांधून दिलेस. सहा. मी मोजले.

आणि मग आपल्या लोकांचा एकोपा मोडला. एउसेबियो म्हणाला, आईने केलं ते योग्यच, दाराशी आलेल्याला कोण हाकलतं? त्याची बायको म्हणाली, स्वतःच्या मुलाच्या वैऱ्याला? माझ्या घरात हे बोलणं नको. ती माहेरच्यांना घेऊन समोरच्या घरात गेली आणि तिने स्वतःची वेगळी लढत विकत घेतली. बेकर्सफील्डला देवळातली वही फाटली. एल पासोला दोन सख्ख्या बहिणी एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन टीव्ही घेऊन बसणार आहेत. ज्या आज्यांनी जन्मात ठोसा पाहिला नाही त्यासुद्धा लढत विकत घेताहेत, निम्म्या तुझ्या बाजूने, निम्म्या विरुद्ध. कोवाल्चिकबाई कागद घेऊन धावत आल्या. "घरं तुटताहेत!" त्या आनंदाने किंचाळल्या. हॉलिस्टरसाहेबांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि या वेळी खरोखर रडले. चाळीस वर्षं डावा ठोसा शिकवला मी, ताई. चाळीस वर्षं! आणि विकलं काय गेलं, तर तुझा उजवा हात.

हे सगळं चाललं असताना नासारियोने काय केलं? टीव्ही बंद केला, खोलीत गेला, मुठींच्या पट्ट्या सोडून त्यांची नीट गुंडाळी केली. दुसऱ्या दिवशी सराव नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी चिडलो, ओरडलो, सरबत नेऊन दिलं, परत ओरडलो. शेवटी एकदाच बोलला, तेही भिंतीकडे बघून. "मामा, आईचा हात ज्या डोक्यावर पडला त्या डोक्यावर मी ठोसा कसा मारू? आणि माझ्या डोक्यावर तर काहीच नाही." मी तुला फोन लावला. वाजत राहिला. (पिठात वाजत असणार.) त्याला गेल्या सव्वीस वेळांत एकदाही तुझा आवाज न ऐकता रिंगमध्ये जावं लागलेलं नाही. तो हरेल याची मला भीती नाही, ताई, हरतात सगळेच. हात खाली सोडून उभा राहील, याची आहे. प्रूइटचा ठोसा मी पाहिलाय. हात खाली सोडलेल्या पोराला तो आयुष्यभराचा लुळा करू शकतो. 

प्रूइटचं आणखी एक नवल. काल तो मला मागच्या जिन्यात भेटला, एकटा. मला वाटलं आता हा माझंही भाडं मागतो. तर टोपी काढून म्हणाला, "काका, गुडघा कसा आहे? माझ्या आजीकडे एक मलम होतं, नाव लिहून देतो." आणि मग जिन्यातच बसला. म्हणाला, "मला नुसतं दारात जाऊन मान वाकवायला सांगितलं होतं. गंमत म्हणून. त्या दार लावून घेतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी खरंच हात ठेवला हो. आजी गेल्यापासून माझ्या डोक्यावर कोणी हात ठेवला नव्हता. आता त्यांच्या मुलाला शिवी कशी देऊ?" मी त्याच्या शेजारी बसलो.  तमाले कसे होते विचारलं. सगळे त्यानेच खाल्ले म्हणाला, ट्रेनरला एकही दिला नाही. आज सकाळी दुसरी पत्रकार परिषद झाली. दोघं समोरासमोर बसले, दोघांनी टेबलाकडे पाहिलं, तेरा मिनिटं कोणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं आता बुडालो. तर संध्याकाळच्या आत, बाई म्हणतात, विक्री दुप्पट होणार. सगळीकडे एकच बातमी आहे की द्वेष इतका पेटलाय की शब्दच फुटत नाहीत!

तर असं आहे. बाकी क्षेम. कोंबडीचं कळव. घरच्या सगळ्यांना यथायोग्य सांग, क्लोतिल्देला सांगू नकोस, ती टीव्हीवाल्यांना सांगते.

तुझा, लहानपणी तू ज्याचं नाक पुसलंस तो,
फिदेन्सियो

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलंय, ते एक सोडून. हॉलिस्टरसाहेब तुझं विमानाचं तिकीट काढून बसले आहेत. शनिवारी लढतीआधी तू रिंगमध्ये यायचं, काळी शाल घेऊन (तुझी निळी चालणार नाही, बाई म्हणतात निळ्या शालीत विरोध दिसत नाही), आणि सगळ्या कॅमेऱ्यांसमोर नासारियोला आशीर्वाद द्यायचा, किंवा न द्यायचा. त्यांना दोन्ही चालेल. तेवढं ये, ताई. पोरगं वाचेल.

ता. क. २. कान उपटायचा तो सैतान मीच. पत्ता मी दिला. बाईंनी विचारला, मी कपाखालच्या कागदावर लिहून दिला, वर घर ओळखू यावं म्हणून लंगड्या कोंबडीची खूणही सांगितली. मला वाटलं तुझी चार वाक्यं घेतील, पोराचं नाव होईल. मी चाळीस वर्षं अशा मोठ्या लढतीची वाट पाहिली होती, ताई, आणि ती दारात आल्यावर मी तुझं दार दाखवलं. बाल्तासार वाट बघतोय, अजून लिहिलं तर पाकीट बंद होणार नाही.

ता. क. ३. थांब. वरचं सगळं खोडायचं होतं, वेळ नाही. मी मोठं पाकीट आणायला खाली गेलो तेवढ्यात नासारियोने हे पत्र वाचलं, पहिल्या ओळीपासून सैतानापर्यंत. मी दारात उभा. वाटलं, आज पहिल्यांदा त्याचा डावा ठोसा मला बसणार, आणि बसायलाच हवा होता. त्याने कागदांची घडी घातली, चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामा, पत्र मी देतो. बाल्तासारचं तिकीट मला दे." बाल्तासार बिचारा काही न विचारता उठला, नामकरण बुधवारवर ढकलतोय.

तेव्हा हे पत्र तुझ्या हातात देऊन, टोपी घातलेला, खाली मान घालून जो उंबऱ्यावर उभा आहे, तो नासारियो आहे. इकडे मी त्याला ताप आल्याचं सांगणार होतो, पण कोवाल्चिकबाईंनी त्याला खाली टॅक्सी बोलावताना पाहिलं. वाटलं बेशुद्ध पडतील. त्यांनी माझ्या टकलाचा मुका घेतला आणि "बॉक्सर गायब!" असं ओरडत पळाल्या. म्हणजे कॅमेरे पुन्हा निघालेच. म्हणून तू व्हेगासला येऊ नकोस, काळी शाल विणू नकोस. त्याला आत घे आणि कडी लाव. दारात मान वाकवणाऱ्या कोणालाही देतेस तेवढंच त्याला दे, आईचं म्हणून जास्त देऊ नकोस, तो रडेल आणि मग गुरुवारी परत यायचं विसरेल. आणि ताई, तुझ्या पाया पडतो, पोसोलेचा रस्सा नाही, तमाले नाही, एक घाससुद्धा नाही! शुक्रवारी त्याचं वजन व्हायचंय, एकशे सत्तेचाळीस पौंड, त्याच्यावर एक दाणा नाही. त्याला उपाशीच आशीर्वाद दे.

झालं की कडी काढायच्या आधी एकदा खिडकीकडे तोंड कर, उत्तरेच्या, जिकडे मी चौदा वर्षांचा असताना निघालो आणि तू आशीर्वाद न देता आत निघून गेलीस. मी इथे खोलीत टोपी काढून बसलोय. उठणार नाही.